टाके तेवढेच, तरी टोपडं दर वेळी वेगळ्या मापाचं

आम्ही नऊजणी मिळून सरकारी दवाखान्यातल्या नवजात बाळांसाठी टोपडी विणतो. पहिल्या वर्षी चाळीस टोपडी घेऊन गेलो. आठवड्याने सिस्टरनी त्यातली चौदा परत दिली. बोलण्यात जराही कडूपणा नव्हता. "काकू, ही डोळ्यांवर उतरतात आणि ही कपाळावर वळ उठवतात. बाळांना घालता येत नाहीत हो."

पिशवी घरी आणली, टोपडी जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली आणि पट्टी घेऊन एकेकाचा घेर मोजला. सगळ्यांत लहान २७ सेंटीमीटर, सगळ्यांत मोठं ३५. आणि सगळी एकाच चिठ्ठीवरून विणलेली: दहा नंबरच्या सुया, चार प्लाय म्हणजे चार पदरी लोकर, ८८ टाके.

टोपडं असो, मोजे असोत की नातवाचा स्वेटर, ही तक्रार विणणाऱ्या घरांत वर्षानुवर्षं चालत आलेली आहे. "मी टाके बरोबर मोजले होते," असं प्रत्येकजण सांगते आणि ते खरंच असतं. चूक मोजण्यात नसते. ८८ टाके म्हणजे किती सेंटीमीटर, हे सुई, लोकर आणि विणणारीचा हात मिळून ठरवतात, आणि चिठ्ठीत हाताबद्दल काहीच लिहिलेलं नसतं.

माझी आई मापं लिहून ठेवत नसे. १९६२ साली चीनशी युद्ध झालं तेव्हा जवानांसाठी घरोघर स्वेटर विणले गेले, त्यात तिनेही विणले. पण आमच्यासाठी विणताना तिची रीत वेगळी होती. चार बोटं विणून झालं की हाक मारायची, सुया तशाच लटकत ठेवून विण आमच्या पाठीला लावून बघायची. सैल वाटलं की तिथल्या तिथे उसवून पुन्हा टाके घालायची. तिचं कधी चुकलं नाही, कारण अंग समोर होतं. दवाखान्यातल्या बाळाचं डोकं आपल्यासमोर नसतं. आपल्याकडे असतो फक्त एक आकडा, आणि तो आकडा दुसऱ्याच कुणाच्या हाताने काढलेला असतो. म्हणून घरच्यांसाठी वर्षानुवर्षं नीट विणणाऱ्या बाईचंसुद्धा दानासाठी विणायला बसली की माप चुकतं.

आधी आपल्या हाताचं माप काढा

ज्या सुयांनी आणि ज्या लोकरीने टोपडं विणायचं आहे, त्याच घेऊन एक चौकोनी नमुना विणायचा. ४४ टाके घाला. दोन्ही कडांचे चार-चार टाके प्रत्येक सुईला, म्हणजे प्रत्येक ओळीत, सुलट ठेवा, म्हणजे कडा वळणार नाहीत. मधले एक सुई सुलट, एक सुई उलट असे विणा. १३-१४ सेंटीमीटर उंची झाली की सैल हाताने टाके बंद करा. मग तो नमुना धुवा, न पिळता टॉवेलवर पसरून वाळवा. अ‍ॅक्रिलिकची लोकर पहिल्या धुण्यात मऊ पडते आणि बरेचदा थोडी पसरते, म्हणून न धुतलेल्या नमुन्याच्या मापावर विसंबू नका.

वाळला की टेबलावर ठेवा. हाताने ताणू नका, दाबू नका. शिवणाची कापडी टेप नको, मुलांच्या कंपासपेटीतली कडक पट्टी घ्या. कडा सोडून मधोमध १० सेंटीमीटरवर दोन टाचण्या लावा आणि मधले टाके मोजा. सुलट बाजूने पाहिलं तर प्रत्येक टाका गव्हाच्या ओंबीतल्या दाण्यांच्या जोडीसारखा दिसतो. एक जोडी म्हणजे एक टाका. शेवटी अर्धी जोडी आली तर तीही धरा. "अर्ध्याने काय होतंय" म्हणून ती सोडली, तर मोठ्या स्वेटरला ती चांगलीच महागात पडते.

आम्ही नऊजणींनी हे केलं तेव्हा एकाच लोकरीच्या, एकाच नंबरच्या सुयांवरच्या नऊ नमुन्यांत १० सेंटीमीटरला २५ पासून ३२ पर्यंत टाके निघाले. आता ८८ ला भागून बघा. ज्यांचे २५ बसतात त्यांचा घेर ३५ सेंटीमीटर, ज्यांचे ३२ बसतात त्यांचा साडेसत्तावीस. टेबलावरच्या टोपड्यांचं कोडं तिथेच सुटलं.

पुढचा हिशोब सोपा आहे. १० सेंटीमीटरमधल्या टाक्यांना १० ने भागा आणि हव्या त्या घेराने गुणा. ३० सेंटीमीटरचं टोपडं हवं असेल तर २५ वालीने ७५, २८ वालीने ८४, ३२ वालीने ९६ टाके घालायचे. काठाला २ सुलट २ उलट घालणार असाल तर चाराच्या पटीत बसवा, म्हणजे ७५ चे ७६ होतील. आमच्यातल्या प्रत्येकीच्या सुयांच्या पिशवीत आता तिचा स्वतःचा आकडा लिहिलेली चिठ्ठी असते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. हात घट्ट असणं किंवा सैल असणं हा दोष नाही. कित्येकजणी नमुन्याचा आकडा जुळावा म्हणून मुद्दाम ओढून किंवा मुद्दाम ढिलं विणू लागतात. दहा सुयांनंतर हात आपल्या मूळ वळणावर जातोच, आणि मग खाली एक माप, वर दुसरं. हात बदलू नका. टाके बदला, नाहीतर सुई बदला.

डोकं किती मोठं धरायचं

पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं साधारण ३३ ते ३६ सेंटीमीटर असतं. टोपडं डोक्यापेक्षा थोडं लहान हवं, कारण विण ताणली जाते आणि त्या ताणानेच ते जागेवर राहतं. ३५ च्या डोक्याला ३० ते ३१ चा घेर बेताचा होतो. डोक्याएवढंच विणलं की ते डोळ्यांवर आलंच म्हणून समजा. बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास जन्मलेल्या बाळाचं डोकं २९ च्या जवळ असतं, त्याला २५-२६ पुरे. पण दवाखान्यासाठी विणताना आधी तिथल्या सिस्टरना विचारा. त्यांच्याकडे कमी दिवसांची बाळं जास्त असतील तर लहान मापाचीच गरज असते आणि आपण मात्र मोठी विणून ढीग लावतो.

हे माप एवढं जपायचं कारण मला माझ्या नातीने शिकवलं. ती तेहतिसाव्या आठवड्यात जन्मली. दवाखान्यात तिला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ठेवत. कांगारू पद्धत म्हणतात तिला. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात ती सुरू झाली, आणि आज आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांतही आयांना शिकवतात. त्या वेळी बाळाच्या अंगावर असतं ते लंगोट, पायमोजे आणि टोपडं, बस्स. एवढ्याशा जिवाची बरीचशी ऊब डोक्यातून निघून जाते. ते टोपडं घसरून नाकाशी आलं किंवा चापासारखं बसलं, तर आपल्या हौसेचा तिला काय उपयोग?

त्या दिवसांत मी बाहेरच्या बाकावर बसून विणत होते. दोन दिवसांत एक टोपडं पुरं केलं. माझ्या नेहमीच्या हिशोबाने ते २६ चं व्हायला हवं होतं. सिस्टरनी घालून बघितलं, बसेना. मोजलं तर २३ भरलं. सुया माझ्याच, लोकर तीच, टाके तेवढेच. घरी आल्यावर बोटांकडे बघितलं, तर जिथून धागा फिरतो त्या तर्जनीवर लाल रेघ उमटलेली होती. काळजीने हात एवढा आवळला गेला होता आणि मला पत्ताही नव्हता.

तेव्हापासून माझा नियम असा की नमुना विणलेला असला तरी टोपडं चार सेंटीमीटर झालं की एकदा पट्टी लावायची. मात्र काठावर नको. २ सुलट २ उलट विण आत ओढली जाते आणि खोटं माप दाखवते. काठ संपून साधी विण दोन-तीन सेंटीमीटर झाली की तिथे मोजा. महिनाभर बाजूला पडलेलं काम परत हातात घेतलं, प्रवासात विणलं, घरात आजारपण असताना विणलं, की पुन्हा मोजा. स्वेटरला हे दर वीतभर विणीनंतर करावं. १० सेंटीमीटरला २२ टाके धरून २०० टाके घातले तर छातीचा घेर ९१ येतो. हात ढिला पडून २२ चे २० झाले की तेच २०० टाके १०० सेंटीमीटर होतात. दोनच टाक्यांचा फरक, आणि स्वेटर नऊ सेंटीमीटर मोठा.

सुयांच्या नंबराचा घोळ

हल्ली विणायच्या कृतींचे नमुने मोबाइलवर येतात. मुलगी, सून, भाची परदेशातून पाठवतात. त्यात "८ नंबरच्या सुया" असं असतं आणि आपण डब्यातली आठ नंबरची जोडी काढतो. इथे थांबा. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. अमेरिकेत बरोबर उलटं आहे, नंबर वाढला की सुई जाड. आपली आठ नंबर ४ मिलिमीटरची, अमेरिकन आठ ५ मिलिमीटरची. आपली दहा सव्वातीन मिलिमीटर, त्यांची दहा ६ मिलिमीटर. दोन्हीकडे जुळतो तो फक्त सात नंबर, साडेचार मिलिमीटर. म्हणून नमुन्यात मिलिमीटर शोधा. मिलिमीटर दिलेले नसतील तर नमुना कुठल्या देशाचा आहे ते कळल्याशिवाय टाके घालू नका. जुन्या सुयांवरचा नंबर पुसला असेल तर भोकं असलेली सुयांच्या मापाची पट्टी मिळते, ती एकदा घेऊन ठेवा.

क्रोशाची हौस असणाऱ्यांना हाच त्रास खांबांच्या नावांत होतो. ज्याला अमेरिकन नमुन्यात 'सिंगल क्रोशे' म्हणतात, म्हणजे आपला मुका खांब, त्यालाच ब्रिटिश नमुन्यात 'डबल क्रोशे' म्हणतात. अमेरिकन 'डबल' म्हणजे मात्र आपला पूर्ण खांब. ब्रिटिश नमुना अमेरिकन समजून विणला की मुक्याच्या जागी पूर्ण खांब येतो, ओळीची उंची जवळजवळ दुप्पट होते आणि टोपीची उंच पिशवी होते.

सुई धातूची की प्लॅस्टिकची यानेही फरक पडतो. धातूवर धागा सरकतो, प्लॅस्टिकवर आणि बांबूवर थोडा अडतो. मापाचा नमुना एका जोडीवर आणि टोपडं दुसऱ्या जोडीवर, असं करू नका, नंबर एकच असला तरी.

लोकर चार प्लायच, पण...

प्लाय म्हणजे किती पदर पिळले आहेत ते. पदर स्वतः किती जाड, हे त्यातून कळत नाही. दोन दुकानांतली चार प्लाय लोकर हातात घेतली की फरक बोटांना कळतो. डोळ्यांनी तपासायचं असेल तर जुनी लोकर पट्टीवर शेजारी शेजारी, न ओढता, अडीच सेंटीमीटरभर गुंडाळा आणि वेढे मोजा. मग नवी तशीच गुंडाळा. वेढे सारखे आले तर जुना हिशोब चालेल. कमी आले तर लोकर जाड आहे, नवा नमुना विणा. दान आलेल्या, उरलेल्या, वेगवेगळ्या गुंड्यांतून विणताना हे फार उपयोगी पडतं.

दवाखान्यातलं कापड गरम पाण्यात, जोरात धुतलं जातं. तिथे खरी मेंढीची लोकर देऊ नका. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की तिचे तंतू एकमेकांत अडकून नमद्यासारखे होतात आणि टोपडं बाहुलीच्या मापाचं होतं. बाळाला टोचणारी, केस सुटणारी लोकरही नको. गोंडे, बटणं, हनुवटीखालच्या नाड्या, जाळीची विण हेही नको. हौस घरच्या बारशाला करावी, तिथे आजी-आत्या लक्ष ठेवायला असतात.

घेर बरोबर, तरी कपाळावर वळ

आमच्या चौदांपैकी तीन टोपड्यांचा घेर अगदी योग्य होता आणि तरी ती परत आली होती. त्यांचा काठच ताणला जात नव्हता. टाके घालतानाचा धागा आवळला गेला की वरची विण कितीही लवचिक असो, काठ तारेसारखा राहतो. उपाय साधा आहे. टाके घालताना दोन सुया एकत्र धरा, किंवा दोन नंबर जाड सुई घ्या, म्हणजे दहावर विणायचं असेल तर आठवर टाके घाला. पहिल्या ओळीपासून परत दहावर या. दोन टाक्यांमधलं अंतरही थोडं सैल ठेवा. काठ पूर्ण झाला की दोन्ही हातांनी ताणून बघा. ३० चं टोपडं ३७-३८ पर्यंत सहज जायला हवं. पायमोज्यांना वरून टाके बंद करतो तिथे हाच दोष येतो, तिथेही बंद करायला जाड सुई घ्या.

वरचा भाग मिटवताना टाक्यांचा आकडा कुठल्याही पटीत असो, अडत नाही. सुलट सुईला सगळीकडे दोन-दोन टाके एकत्र विणा, एक सुई उलट, पुन्हा सगळीकडे दोन-दोन एकत्र. उरलेल्या टाक्यांतून लोकर दुहेरी ओवून आवळा आणि आतल्या बाजूने पक्की करा. इथे गाठ मारून टोक कापू नका, गाठ बाळाच्या टाळूला टोचते. टोक सुईने पाच-सहा टाक्यांतून फिरवून मुरवा.

इस्त्री करू नका

पुढच्या खेपेला आमच्यातल्या एका वहिनींनी मोठ्या मायेने सगळी टोपडी इस्त्री करून, घड्या घालून आणली. दिसायला सुरेख होती. पण काठ हातात घेतला तर मेलेला. ताणला की तसाच राही, परत येत नसे. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने मऊ पडतं आणि त्याचा लवचिकपणा कायमचा जातो, धुऊनही परत येत नाही. घरात अ‍ॅक्रिलिकच्या जुन्या स्वेटरचे काठ लोंबत असतील, तर एकदा इस्त्रीवाल्याला विचारून बघा.

नमुना विणायचाच नसेल तर

गटात अशा दोन-तीनजणी असतातच. वय झालेलं असतं, आकडेमोडीचा कंटाळा असतो, पण हात सतत चालू हवा असतो. त्यांच्यासाठी आडवं टोपडं फार चांगलं. ४० टाके घालायचे आणि सगळ्या सुया सुलट विणायच्या. इथे टाक्यांवरून ठरते ती टोपड्याची उंची, आणि घेर ठरतो लांबीवरून. म्हणजे विणलेला तुकडा न ताणता टेबलावर ठेवून मोजत जायचं आणि ३० सेंटीमीटर झाले की थांबायचं. हात घट्ट असो वा सैल, घेर चुकतच नाही. उंची थोडी कमीजास्त झाली तर काठ दुमडता येतो. टाके बंद करा, दोन्ही टोकं जोडून शिवा, एका कडेने प्रत्येक उंचवट्यातून धागा ओवा आणि आवळा. ती कड आवळण्याऐवजी सरळ शिवली तर दोन कान उभे राहतात, मोठ्या मुलांना ते आवडतं.

चौकोन जोडून पांघरूण करणाऱ्यांनाही हीच युक्ती वाचवते. दहाजणींचे दहा चौकोन कधी सारखे येत नाहीत आणि जोडताना रडकुंडीला यायची वेळ येते. चौकोन कोपऱ्यापासून सुरू करा. तीन टाके, सगळ्या सुया सुलट, प्रत्येक सुईच्या सुरुवातीला एक टाका वाढवा. कडेची बाजू १५ सेंटीमीटर भरली की मग प्रत्येक सुईच्या सुरुवातीला दोन टाके एकत्र. प्रत्येकीचे टाके वेगळे येतील, चौकोन मात्र सगळ्यांचे १५ चेच येतील.

परत आलेल्या टोपड्यांचं काय करायचं

३३ ते ३५ ची टोपडी आम्ही ठेवली. दोन-तीन महिन्यांच्या बाळांना ती अगदी नीट बसतात, लसीकरणाला येणाऱ्या आयांना दिली. इस्त्रीने मेलेली घरात धूळ पुसायला गेली. बाकीची उसवली.

उसवायला बसताना मन खट्टू होतं, दोन दुपारी त्यात गेलेल्या असतात. पण लोकर वाया जात नाही. फक्त तिला कुरळे पडलेले असतात, आणि तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येऊन माप पुन्हा चुकतं. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळत लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत दांडीवर टांगा. वाळली की ढिला गुंडा करा, आणि त्यावर चिठ्ठी टोचून ठेवा: किती प्लाय, कुठली सुई, १० सेंटीमीटरला किती टाके, आणि कुणाच्या हाताचे.